क्लच किती सोडायचा आणि कुठे थांबवायचा

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, कामाला आहे. घरची २०१४ ची स्विफ्ट आहे, १.२ पेट्रोल. सगळं कंपनीचंच, काही बदललेलं नाही. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या ४०२ मीटरच्या शर्यतीला, उतरलो. तीन फेऱ्या मिळाल्या. पहिलीत ४,५०० आरपीएमला रेस धरून क्लच फटकन सोडला, चाकं जागेवरच फिरली, पहिल्या ६० फुटांना ३.१ सेकंद लागले. दुसरीत १,५०० ला सोडला तर इंजिन दबलं, बंद पडता पडता राहिलं, ३.२. तिसरीत क्लच अर्धा धरून ठेवला, २.९ आले, पण जळका वास इतका की घरी पोचल्यावर बाबांनाही आला. मित्र म्हणतात भारी क्लच प्लेट टाक. एक जण म्हणतो रात्री हायवेच्या सर्व्हिस रोडवर सराव कर. जानेवारीत परत उतरायचं आहे. नेमकं किती आरपीएम धरायचे आणि क्लच कसा सोडायचा? मित्राची डिझेल स्विफ्ट आहे, त्यालाही हेच लागू होतं का?

उत्तर: तिन्ही फेऱ्यांचे आरपीएम आणि ६० फुटांचे वेळ लिहून पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. ‘गाडी उठत नाही’ एवढंच कळवलं असतं तर आम्हाला अंदाजाने बोलावं लागलं असतं. आता नेमकं सांगता येईल.

पण सर्व्हिस रोडचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. कायदा बाजूला ठेवला तरी जानेवारी म्हणजे ऐन ऊस हंगाम. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या रस्त्यांवर रात्री एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागे धड दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो, आणि रस्त्यावर उसाची कांडकी आणि पाचट सांडलेलं असतं. तुमची नजर आरपीएमच्या काट्यावर असताना अशी ट्रॉली समोर आली तर काय होईल, ते आम्ही लिहायला नको. शिवाय तिथे घड्याळ नाही, ६० फुटांचा आकडा नाही. सराव होतोय की नुसता क्लच जळतोय, हेच कळणार नाही. सरावाची दुसरी पद्धत पुढे सांगतो.

आता मूळ प्रश्न. पहिल्या गियरमध्ये ३,००० आरपीएमला तुमची गाडी साधारण ताशी २४ किलोमीटरने चालते. ४,५०० ला ३६, १,५०० ला १२. सुरुवातीच्या रेषेवर मात्र गाडी शून्यावर उभी असते. इंजिन एका वेगाने फिरतंय आणि चाक थांबलेलं आहे. ही तफावत कुठेतरी खर्च व्हावीच लागते, आणि तिला जागा तीनच आहेत: टायर रस्त्यावर घसरेल, क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड चाकावर) घसरेल, नाहीतर इंजिनचे आरपीएम खाली येतील. पहिल्या फेरीत तुम्ही ती सगळी टायरवर घातलीत. दुसरीत सगळी इंजिनवर. तिसरीत क्लचवर घातलीत, म्हणून आकडा सुधारला; पण गरजेपेक्षा खूप जास्त वेळ घातलीत, म्हणून वास आला. थोडी इंजिनने सोसावी, बरीचशी क्लचने सव्वा-दीड सेकंदात सोसावी आणि टायरच्या वाट्याला अगदी किंचित यावी, एवढंच आपल्याला साधायचं आहे. डावा पाय हे वाटप करतो.

टायरला किंचित का होईना द्यायचं, यालाही कारण आहे. रबराची पकड चाक अजिबात न घसरता सर्वांत जास्त नसते. चाक गाडीच्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असताना ती सर्वांत जास्त असते. त्यापुढे गेलं की पकड घसरत जाते, चाक आणखी मोकळं फिरतं आणि धूर निघायला लागतो. म्हणून चांगल्या लाँचमध्ये, म्हणजे रेषेवरून सुटताना, टायरचा हलका ‘कुर्रर्र’ असा आवाज येतो. किंकाळी येत नाही.

स्विफ्टची पुढची चाकं ओढतात, ही दुसरी अडचण. गाडी झेप घेते तेव्हा वजन मागे जातं, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरून उतरतं. तुमच्यासह गाडी एक टनाच्या थोडी वर धरली आणि व्हीलबेस २.४३ मीटर, तर चांगल्या लाँचला पुढच्या चाकांवरून ८० ते ९० किलो भार कमी होतो. म्हणजे जोर जिथे लावायचा तिथेच पकड कमी होत जाते. मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून ४,५०० चा आकडा घेतला असेल तर तो इथे चालणार नाही. त्या गाड्यांत वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं.

तुमच्या गाडीला २,८०० पासून सुरुवात करा. नेमकी जागा २,५०० ते ३,२०० च्या मध्ये कुठेतरी मिळेल. ट्रॅकवर धूळ असेल तर खालच्या बाजूला, डांबर स्वच्छ आणि उन्हाने तापलेलं असेल तर वरच्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं, म्हणजे आपल्याकडे सात-आठ टक्के कमीच मिळते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर कुणी अशाच गाडीला जो आकडा सांगेल, तो आपल्या पठारावर जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे टायर जिथे फिरतो, तिथे इथे इंजिन दबू शकतं.

आता पाय. आधी बैठक. सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे घ्या. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून डिकीतही ठेवू नका, बाहेरच ठेवा. पायात पातळ तळाचा बूट हवा. चप्पल नको, जाड तळाचे सेफ्टी शूज तर मुळीच नकोत, कामावरून थेट गेलात तरी बदला. टाच जमिनीला टेकलेली ठेवून, घोट्यातून पाऊल हलवून क्लचचा शेवटचा भाग सोडता आला पाहिजे. मांडीने पाय उचलून सोडणाऱ्याला एक सेंटिमीटरचा अंदाज राहत नाही. घोट्याला तो राहतो.

रेषेवर उभे असताना पेडल तळाशी दाबून ठेवू नका. क्लच जिथे धरायला लागतो त्याच्या जरा खाली, बोटभर अंतरावर आणून थांबवा. इतकं वर नको की प्लेट घासायला लागेल. ती घासते आहे की नाही, ते कळतं: रेस स्थिर ठेवली असताना आरपीएम थोडे खाली आले किंवा गाडीचं नाक किंचित उचललं, तर घासते आहे, पाय खाली घ्या. चोर्ला घाटात ट्रकच्या मागे गाडी हाफ क्लचवर उभी धरायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. ती सवय घेऊन रेषेवर आलात की क्लच फेरी सुरू होण्याआधीच तापतो.

निघताना पाऊल एका झटक्यात त्या बोटभर अंतरातून वर येऊन धरायच्या जागी थांबतं. हे थांबणंच सगळ्यात अवघड असतं. बहुतेक जणांचं पाऊल इथे थांबत नाही, वर निघून जातं. गाडी हलते, काटा २,८०० वरून २,३०० च्या आसपास येतो. पाऊल तिथेच. त्याच वेळी उजवा पाय ॲक्सिलरेटर वाढवत नेतो; एका सेकंदात तो तळाला पोचलेला असावा. काटा वर चढतोय आणि टायर ओरडतोय, तर चाक फिरतंय. काटा चढतोय पण टायरचा आवाज नाही, तर क्लच जास्त घसरतोय, पाऊल केसभर वर येऊ द्या. काटा २,००० च्या खाली चाललाय, तर तुम्ही घाई केलीत. गाडी स्वतःच्या लांबीइतकी पुढे गेली, म्हणजे साधारण साडेतीन-चार मीटर, की वेग १८ ते २० किलोमीटर झालेला असतो, इंजिन आणि चाक जुळलेले असतात. आता पेडल पूर्ण सोडा आणि पाय बाजूला घ्या. निघाल्यापासून इथपर्यंत सव्वा ते दीड सेकंद. तुमच्या तिसऱ्या फेरीत हा काळ बहुधा तीन सेकंदांच्या जवळ गेला असणार, वासावरून तसंच दिसतं.

चूक झाली तर ती लहानच सुधारायची. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर पूर्ण सोडू नका; पाव भाग कमी करा, पकड आली की परत दाबा. क्लच दाबू नका, त्याने आरपीएम आणखी उडतात. इंजिन दबलं तर क्लच केसभर खाली, तळापर्यंत नाही. दोन्ही प्रसंगी घाबरून पाय मोकळा सोडला की फेरी तिथेच गेली.

आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर केबलने नाही, विजेच्या सिग्नलवर चालतो. पेडल दाबल्यापासून इंजिनने ऐकेपर्यंत क्षणभर जातो. म्हणून दिवा लागल्यावर रेस वाढवायची नसते, आधीच २,८०० वर स्थिर धरून ठेवायची. ‘व्हूंऽ व्हूंऽ’ करत काटा नाचवणाऱ्याला आपण कुठल्या आरपीएमला निघालो ते स्वतःलाच माहीत नसतं. हेल्मेटमध्ये इंजिनचा आवाज कमी येतो आणि नजर दिव्यांवर असते, तेव्हा २,८०० चा आवाज आणि पायाखालची थरथर आधीच ओळखीची करून घ्या. गाडी न्यूट्रलला उभी करून, हेल्मेट घालून, डोळे मिटून रेस धरा आणि मग काट्याकडे पाहा. दहापैकी आठ वेळा शंभर-दीडशेच्या फरकात जमलं की पुरे.

दिव्यांबद्दल थोडक्यात. रेषेजवळ पट्टीवर आडवे दोन प्रकाशकिरण असतात. पहिल्याला पुढचं चाक लागलं की प्री-स्टेजचा दिवा लागतो. त्यानंतर साधारण १८ सेंटिमीटर पुढे गेलं की स्टेजचा. स्टेजचा दिवा जेमतेम लागला की तिथेच थांबा. घड्याळ सुरू होतं ते चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडल्यावर, दिवा हिरवा झाल्यावर नाही. म्हणजे मागे थांबलात तर चाकाला घड्याळ सुरू व्हायच्या आधी जवळजवळ फूटभर धाव मिळते. गाडीची सुरुवातच सगळ्यात मंद असते, त्यामुळे हा फूटभर फार महाग असतो. नीट स्टेज करणाऱ्याचे दोन-तीन दशांश सेकंद इथेच वाचतात. गाडी एकदम पुढे ढकलली तर हे हातचं जातं. ब्रेकवर पाय ठेवून, क्लच टेकवत टेकवत, इंच-इंच सरका, आणि थांबल्यावरच रेस धरा. पट्टी किंचित उताराची असेल तर हँडब्रेक एक-दोन खटके ओढून ठेवा, बटण अंगठ्याने दाबलेलंच ठेवा आणि निघताना खाली टाका. पट्टी सपाट असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. निघताना विसरण्यासारखी ती पहिली वस्तू आहे.

पिवळे दिवे एकामागून एक अर्ध्या सेकंदाने लागत असतील तर शेवटचा पिवळा दिसला की निघायचं. डोळ्याने पाहून पाय हलेपर्यंत आणि पाय हलून गाडी हलेपर्यंत तो अर्धा सेकंद जातोच. तिन्ही पिवळे एकदम लागून ०.४ सेकंदाने हिरवा लागत असेल, तर त्या पिवळ्यांवरच निघा. काही ठिकाणी दिव्यांऐवजी झेंडाही असतो. कुठली पद्धत आहे ते सकाळच्या सूचनांच्या वेळी विचारून घ्या. आणि एक: निघायला उशीर झाला तरी तुमच्या फेरीचा वेळ बिघडत नाही, समोरासमोरच्या शर्यतीत हार मात्र होऊ शकते. तुम्ही अजून शिकताय. जानेवारीत दिव्याशी झटापट करू नका, डाव्या पायावर लक्ष द्या.

टायर. दाराच्या खांबावर कंपनीने दिलेली हवा लिहिलेली असते, तेवढीच ठेवून घरून निघा. ट्रॅकवर पोचल्यावर टायर थंड असताना पुढची दोन चाकं २६ पीएसआयवर आणा, मागची ३६ वर. पुढची हवा कमी केल्याने टायरचा जास्त भाग रस्त्याला टेकतो. मागची वाढवल्याने ओढ कमी लागते. पुढे २४ पर्यंत उतरून पाहायला हरकत नाही, २२ च्या खाली जाऊ नका: साध्या रेडियलची बाजू मुरगळते, गाडी शेवटच्या शंभर मीटरला शंभरच्या वर असताना डुलायला लागते. धावपट्टीवर हवावाला नसतो, तेव्हा १२ व्होल्टचा छोटा पंप आणि स्वतःचा गेज जवळ हवाच. प्रत्येक पंपावरचा गेज वेगळा आकडा दाखवतो, म्हणून दिवसभर एकच गेज वापरा, तो थोडा चुकीचा असला तरी चालेल.

बर्नआउटच्या (चाकं जागेवर फिरवून टायर तापवायच्या) पाण्यात जाऊ नका. ते मऊ ड्रॅग टायरसाठी असतं. तुमच्या टायरच्या खाचांत पाणी भरून रेषेवर टपकतं आणि तुमच्याच चाकाखाली येतं. बाजूने वळसा घाला, आणि रेषेच्या आधी चाकं जेमतेम एकदा फिरवून खडे आणि धूळ झटकून टाका. एसी रांगेत असतानाच बंद करा, नाहीतर त्याचं पाणीही तिथेच पडेल. फेऱ्या सुरू होण्याआधी संधी मिळाली तर पहिले वीस मीटर पायी चालून या. कुठल्या लेनला रबर बसलंय, कुठे वाळू आहे, ते बुटाला कळतं. हिवाळ्यात सकाळी लवकर दव असतं. पहिली फेरी दहाच्या आधी मिळाली तर ३,००० च्या वर जाऊ नका.

वजनाचं एकच सांगतो. स्टेपनी, जॅक, साउंड बॉक्स, मागच्या सीटवरच्या पिशव्या, सगळं उतरवा आणि पेट्रोल पाव टाकी ठेवा. टाकी मागे असते आणि पुढची चाकं ओढतात, तेव्हा मागचं वजन तुमच्या कामाचं नाही. पन्नास किलो कमी झाले तर तुमच्या वजनाच्या आणि ताकदीच्या गाडीला ४०२ मीटरला सुमारे पाव सेकंद मिळतो. एवढ्यासाठी कुणालाच पैसे द्यावे लागत नाहीत.

मित्रांच्या ‘भारी क्लच प्लेट’ला आमचं स्पष्ट नाही. तुमचा क्लच ताकद धरायला कमी पडत नाही. शंका असेल तर तपासा: चौथ्या गियरला ताशी ४०-५० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वेगाबरोबर चढले तर क्लच ठीक. काटा पुढे पळाला आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपत आली आहे, मग तीच कंपनीची प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. सिरॅमिक किंवा कडक प्लेट हळू धरतच नाही, एकदम धरते. आपण ज्या सव्वा-दीड सेकंदासाठी एवढी खटपट करतोय, तोच तुमच्या हातातून जाईल आणि प्रत्येक फेरी तुमच्या पहिल्या फेरीसारखी होईल. वर बाबांना रोज गाडी चालवताना धक्के बसतील, ते वेगळं. क्लच केबलवर असेल तर पेडलचा मोकळा खेळ तेवढा नीट करून घ्या. तो कमी-जास्त झाला की धरायची जागा सरकते आणि घोट्याने शिकलेलं सगळं वाया जातं.

वास आला म्हणजे प्लेटचा पृष्ठभाग तापला. लगेच दुसरी फेरी मारली तर तो काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग घसरतच राहतो, किंवा निघताना गाडी थरथरते. दोन फेऱ्यांच्या मध्ये किमान वीस मिनिटं द्या, आणि त्यातली पहिली पाच-सात मिनिटं गाडी क्लच न वापरता हळू फिरवा किंवा न्यूट्रलला चालू ठेवा. रांगेत पुढे सरकताना अर्धा क्लच धरून ठेवू नका, समोर एका गाडीची जागा झाली की एकदाच सरका.

तुम्ही लेथवर काम करता, म्हणून हे लगेच कळेल. कट जास्त खोल घेतला की टूल चॅटर करतो, म्हणजे थरथरतो. कट धरतो, सुटतो, परत धरतो. चाकही तसंच करतं. पकड आणि घसरण यांच्या मध्ये अडकलं की उड्या मारायला लागतं, गाडीचं नाक थडथड आपटतं. लेथवर तुम्ही कट कमी करता ना, तसाच इथे त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. ती फेरी गेली, जाऊ द्या. दोन-तीन उड्यांत इंजिन माउंटिंग फाटतं, आणि पकड परत येते तो झटका ड्राइव्ह शाफ्ट (चाकापर्यंत जोर नेणारा दांडा) आणि सीव्ही जॉइंटवर (त्याच्या सांध्यावर) बसतो. जानेवारीच्या आधी गाडी रॅम्पवर घेऊन सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटलेत का, ग्रीस बाहेर उडलंय का आणि माउंटिंगच्या रबराला चीर गेली आहे का, ते पाहून घ्या. आधीच्या पहिल्या फेरीत चाक किती नाचलं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे तपासणं टाळू नका.

सरावाला रस्ता लागत नाही. ओळखीच्या कुणाचं गुऱ्हाळाचं किंवा वीटभट्टीचं बंद आवार असेल, मालकाची परवानगी असेल आणि माणसं-जनावरं नसतील, तर तिथे ॲक्सिलरेटरला हात न लावता नुसत्या क्लचवर गाडी हलवा. वीस वेळा. प्रत्येक वेळी पाऊल धरायच्या जागी थांबवून चार मीटर जाऊ द्या, मग पूर्ण सोडा. हे जमलं की १,५०० आरपीएम धरून दहा वेळा, मध्ये थांबत. याहून जास्त आरपीएम तिथे नकोत. लाल मातीवर पकडीचा अंदाजही चुकेल आणि क्लचही जाईल. पावलाला थांबायची जागा कळावी, एवढ्याचसाठी हा सराव.

गियर बदलताना फार काही नाही. पहिला साधारण ५० ला, दुसरा ९० च्या आसपास, दोन्ही लाल खुणेच्या जरा आधी, कारण या इंजिनची पूर्ण ताकद ६,००० ला आहे. ४०२ मीटर तिसऱ्यातच संपेल. ॲक्सिलरेटर न सोडता गियर ओढू नका, गियर जुळवणारे सिंक्रोनायझर जातात.

जानेवारीत तीनच फेऱ्या मिळतील असं धरून चला. पहिली २,८०० आणि पुढे २६ पीएसआय. चाकं फिरली तर दुसरी २,५०० ला, दबलं तर ३,०५० ला. हवा बदलू नका. आरपीएम जुळले की तिसरीत हवा २४ करून पाहा. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची, नाहीतर आकडा कशाने सुधारला ते कळत नाही. वहीत आरपीएम, हवा, लेन, वेळ आणि ६० फुटांचा आकडा लिहा. पूर्ण फेरीचा वेळ नंतर पाहा. २.६ ते २.७ आले तर या गाडीने साध्या टायरवर जे द्यायचं ते दिलं. ६० फुटांना वाचलेला प्रत्येक दशांश शेवटी साधारण दीडपट होऊन मिळतो. संयोजकांकडे एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संघटनेची) परवानगी आहे का ते नाव देण्याआधी पाहा, त्यांनी सांगितलेलं हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घ्या. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यतीला आणि वेगाच्या चाचणीला संरक्षण नसतं, म्हणजे ट्रॅकवर काही झालं तर खर्च घरचाच. गाडी घरची आहे, तेव्हा हे बाबांना जाण्याआधी सांगा, वासावरून कळू देऊ नका.

संध्याकाळी निघताना पुढची हवा परत कंपनीच्या आकड्यावर भरा, स्टेपनी बसवा, चाकांचे नट तपासा. २४ पीएसआयवर हायवेने बेळगाव गाठायला गेलात तर टायर वाटेतच तापून फुटू शकतो.

मित्राच्या डिझेलला तफावतीचा हिशेब तोच, आकडे वेगळे. त्या १.३ इंजिनचा १९० न्यूटन मीटर टॉर्क २,००० आरपीएमला येतो, आणि १,८०० च्या खाली टर्बो झोपलेला असतो. म्हणून २,००० ते २,२०० धरायचे. क्लच सोडताना काटा १,८०० च्या खाली गेला तर टर्बो परत जागा होईपर्यंत फेरी जाते, आणि ॲक्सिलरेटर एकदम तळाला गेला तर तोच टर्बो मध्येच जोर लावून चाकं फिरवतो. त्याने उजवा पाय तुमच्यापेक्षा हळू न्यावा, दीड सेकंदात. ताकद ४,००० ला संपते, तेव्हा ४,३०० च्या आसपास गियर बदलायचा. लाल खुणेपर्यंत ओढून काही मिळत नाही. डिझेल क्लचला तुमच्यापेक्षा जास्त टॉर्क सोसावा लागतो, म्हणून त्याने दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा तास ठेवावा.